डबा भरला, पण रिकामा कोण करणार?

सेकंड इयरला असताना आमच्या ग्रुपने कॉलेज फेस्टमधल्या आयडिया कॉम्पिटिशनमध्ये भाग घेतला होता. विषय होता, ‘शहराची समस्या, तुमचं सोल्युशन’. मास कॉमचे आम्ही चौघं आणि इंजिनीअरिंगचा एक मित्र अशी टीम. चार रात्री जागून आम्ही ‘स्मार्ट डस्टबिन’ बनवला. म्हणजे साधाच निळा डबा, फक्त झाकणाला आतून सेन्सर. डबा भरला की मोबाइलवर मेसेज येणार. पीपीटीच्या पहिल्या स्लाइडवर धुमसणाऱ्या कचरा डेपोचा फोटो, दुसऱ्यावर प्लास्टिकमध्ये अडकलेलं कासव आणि तिसऱ्यावर आमचा लोगो. पिच एकदम झकास झालं. टाळ्याही पडल्या.

मग परीक्षकांपैकी एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “डबा भरला हे कळलं. आता तो रिकामा कोण करणार?”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मित्र म्हणाला, “महानगरपालिका, मॅडम.”

“डबा भरलेला त्यांना कळत नाही, म्हणून तो पडून राहतो असं वाटतं तुम्हाला?”

हॉलमध्ये हशा पिकला. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तो डबा अजूनही मित्राच्या गॅलरीत आहे. त्याची आई त्यात कांदे ठेवते.

तुमच्याही कॉलेजमध्ये असं काही ना काही चालू असणार. ई-सेल, हॅकेथॉन, इन्क्युबेशन सेंटर, शनिवारी एखाद्या फाउंडरचं गेस्ट लेक्चर. हवामान बदल, कचरा, दुष्काळ, बेरोजगारी असे जगातले सगळे मोठे प्रश्न दहा स्लाइडमध्ये बसवायचे आणि शेवटच्या स्लाइडवर ‘थँक यू’ लिहायचं. यात वाईट काही नाही. निदान आपण प्रश्नाबद्दल बोलतो तरी. पण यंदा इंटर्नशिपला लागले आणि या पानासाठी ‘स्थानिक उद्योजकता’ हा विषय हातात आला, तेव्हा मॅडमचा तोच प्रश्न मला पुन्हा आठवला. आपण ज्याला ‘प्रॉब्लेम’ म्हणतो, त्यावर आधीपासून कोण काम करतंय? त्याचे पैसे कोण देतं? आणि ते कोणाला मिळतात?

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कचऱ्याचं उत्तर तर रोज सकाळी आमच्या दारात येत होतं.

फुकटच्या कामाचा हिशेब

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला मावशी येतात. जिन्यातून हाक येते, मी अर्धवट झोपेत डबा बाहेर ठेवते, दार लावते. हे तीन वर्षं चाललं होतं आणि या तीन वर्षांत मला मावशींचं नावही माहीत नव्हतं. तुम्हाला तुमच्याकडे येणाऱ्यांचं माहीत आहे का? लगेच उत्तर देऊ नका, आधी आठवून बघा.

मावशींच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून मी वाचायला सुरुवात केली आणि थेट १९९३ सालात पोचले. तेव्हा पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका रस्त्यावरच्या कुंड्यांमधून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक निवडून भंगारवाल्याला विकायच्या. यातल्या बहुसंख्य दलित समाजातल्या. कुत्री चावायची, काच लागायची आणि वर चोरीचा संशयही त्यांच्यावरच. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा या बायकांशी संबंध आला. डॉ. बाबा आढाव यांची साथ मिळाली आणि १९९३मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. पहिली मागणी पैशांची नव्हती. ‘आम्ही काम करतो, हे मान्य करा आणि तसं ओळखपत्र द्या’, एवढीच होती.

आता गंमत बघा. या बायका जो कागद नि पत्रा उचलत होत्या, तो शहराला उचलावा लागत नव्हता. म्हणजे तेवढे ट्रक कमी, तेवढं डिझेल कमी, डेपोवरची जागा कमी. २००१मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात हा हिशेब मांडला गेला. एक कचरावेचक बाई महिन्याला सुमारे २४६ रुपयांचं काम शहरासाठी फुकट करते, असं त्यातून निघालं. तेव्हाच्या रुपयांत, आणि एका बाईमागे! म्हणजे सगळे ज्यांच्याकडे नाक दाबून बघत होते, त्याच शहराला दरमहा सबसिडी देत होत्या.

पुढचं पाऊल म्हणजे ‘स्वच्छ’. ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था. २००८मध्ये पुणे महानगरपालिकेने तिच्याशी करार केला. कुंडीत हात घालण्याऐवजी या बायका घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागल्या. ओला कचरा पुढे पालिकेच्या व्यवस्थेत जातो. सुका कचरा निवडून विकला, की ते पैसे त्यांचे. शिवाय प्रत्येक घराने महिन्याला ठरावीक सेवाशुल्क थेट त्यांना द्यायचं. ज्या शहरात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा तयार होतो, तिथे आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद हे काम करतात.

बिझनेसच्या भाषेत बोलायचं तर यात नवीन तंत्रज्ञान काहीच नाही. ढकलगाडी, पोती, हातमोजे, बस्स. नवीन होता तो हिशेब. जे काम आधीपासून होतच होतं त्याला नाव मिळालं, दर मिळाला आणि करणारीला मालकी मिळाली. आम्ही आमच्या स्मार्ट डस्टबिनमध्ये नेमकी हीच गोष्ट विसरलो होतो. डबा होता, मेसेज होता, ॲपही होतं. माणूसच नव्हता.

‘तुम्ही व्याज काढून दाखवा’

कचऱ्याचं ठीक आहे, तो विकला तरी जातो. पण जिथे विकायलाच काही नाही, तिथे? म्हणून दुसरी गोष्ट दुष्काळी भागातली.

साताऱ्याचा माण तालुका पाऊस कमी पडण्यासाठीच ओळखला जातो. तिथल्या म्हसवडमध्ये चेतना सिन्हा यांच्याकडे रस्त्यावर राहून लोहारकाम करणारी एक बाई आली. तिला बचत करायची होती. कशासाठी? पावसाळ्यात डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता म्हणून. बँका तिचं खातं उघडायला तयार नव्हत्या, कारण रोजची रक्कम फारच छोटी. मग बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण, प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

तुम्ही-आम्ही असतो तर इथे संतापाची एक स्टोरी टाकून मोकळे झालो असतो. या बायकांनी साक्षरता वर्ग सुरू केले. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं. परवाना मिळाला. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

मला यात सगळ्यात भारी वाटली ती पुढची गोष्ट. बायकांनी सांगितलं, की रोज बँकेत यायला जमणार नाही, काम बुडतं. तर बँकेची माणसं बाजारात, दारात जाऊ लागली. पासबुक घरी नको, नवऱ्याला सापडलं तर पैसे मागतो, असंही त्यांनी सांगितलं. तर त्यावरही मार्ग काढला. भाजीवालीला किती पैसे लागतात, कधी लागतात, ती कधी परत करू शकते, हे तिलाच विचारून ठरलं. ‘कस्टमर सर्व्हे’ या नावाखाली आपण गूगल फॉर्म फिरवतो आणि आपलेच वर्गमित्र तो भरतात. त्यापुढे हे ठेवून बघा.

बँकेने दुष्काळ संपवला का? नाही. पाऊस पाडणं कुठल्याच बँकेच्या हातात नाही. पण पाऊस हुकलेल्या वर्षी शेळी विकावी लागणं आणि शेळी ठेवून कर्ज मिळणं यात एका घराचा पुढचा अख्खा वर्षभराचा फरक असतो. मोठा प्रश्न गावात असा, शेळीच्या आकाराचा होऊन येतो.

आजीचं वाळवण, लॅबमधलं डोकं

आता तुम्ही म्हणाल, की सहकारी संस्था, महिला बँक हे सगळं ‘समाजकार्य’ झालं. सायन्सवाल्यांनी, कॉमर्सवाल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी तिसरी गोष्ट.

टोमॅटोचा भाव पडला की शेतकरी रस्त्यावर क्रेट ओततो, हा फोटो आपल्या पेपरात वर्षाआड तरी येतोच. जगात पिकणाऱ्या अन्नापैकी जवळपास एक तृतीयांश वाया जातं किंवा फेकलं जातं, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११मध्ये मांडला होता. आपल्याकडे यातलं बरंच नुकसान माल ताटात येण्याच्या खूप आधी होतं. शेतात, गाडीत, बाजार समितीत.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत म्हणजे आयसीटीत शिकलेले वैभव तिडके, निधी पंत आणि त्यांचे मित्र या प्रश्नामागे लागले. त्यांनी उन्हावर चालणारं, वीज न लागणारं वाळवणीयंत्र बनवलं. तुमची आजी गच्चीवर कुरडया-सांडगे घालते, त्याचाच हा मोठा भाऊ समजा. फरक एवढाच, की उघड्यावर घातलेल्या वाळवणावर धूळ बसते, रंग उडतो, वळवाचा पाऊस आला की पळापळ होते. यंत्रात माल बंदिस्त राहतो आणि प्रत्येक घाणा साधारण सारखा निघतो. मोठ्या गिऱ्हाइकाला हा सारखेपणाच हवा असतो.

पण नुसतं यंत्र बनवून ते थांबले असते, तर आमच्या डब्यासारखीच त्याचीही गत झाली असती. कुणाच्या तरी गच्चीवर, आत कांदे. ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ या त्यांच्या कंपनीने पुढची साखळीही जोडली. मराठवाड्यातल्या गावांमधल्या बायकांना कर्जाची सोय करून यंत्रं मिळाली. कांदा, टोमॅटो, आलं असा माल त्या घरीच वाळवतात. कंपनी तो त्यांच्याकडून विकत घेते आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांना विकते. आकाराने बारका किंवा वेडावाकडा म्हणून बाजारात ज्याला भाव नसतो, तो मालही वाळवायला चालतो. २०२३मध्ये या कंपनीला ‘कचरामुक्त जग’ या गटात दहा लाख पौंडांचं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. ब्रिटनचे युवराज विल्यम यांनी सुरू केलेलं हेच ते पारितोषिक.

बातमी पारितोषिकाची झाली. मला मात्र विचाराल तर खरी हुशारी ‘विकत कोण घेणार’ हे ठरवण्यात आहे. बचत गटाचे पापड-लोणची आपण प्रदर्शनात कौतुकाने एकदा घेतो आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरतो. कौतुकाने घर चालत नाही. दर महिन्याला माल उचलणारं गिऱ्हाईक लागतं.

पण सगळंच उद्योजकांवर टाकायचं?

इथपर्यंत वाचून ‘चला, स्टार्टअप काढू, जग बदलू’ असं वाटत असेल तर एक मिनिट थांबा. हा लेख लिहिताना मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी एके दिवशी सकाळी मावशींबरोबर आमच्या तिन्ही इमारतींचे जिने चढले.

पहिल्याच मजल्यावर एका घराने ओला-सुका सगळा एकाच पिशवीत दिला. आमटी सांडलेला पुठ्ठा भंगारात जात नाही, गेला तरी भाव पडतो. म्हणजे आपण डबे वेगळे केले नाहीत की थेट मावशींच्या खिशातून पैसे जातात, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर फुटलेली काच तशीच पिशवीत. तिसऱ्यावर वापरलेले सॅनिटरी पॅड, न गुंडाळता. मावशींनी हात पुढे करून तळव्यावरचा जुना वण दाखवला आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. दोन घरांनी तीन महिन्यांचं शुल्क दिलं नव्हतं. ही रक्कम महिन्याला एका पिझ्झापेक्षा कमी आहे, हे मुद्दाम सांगते.

निवडताना त्यांनी वेफर्सच्या पाकिटांचा ढीग बाजूला सारला. आतून चकाकणारी, प्लास्टिक आणि धातूचे थर एकत्र चिकटवलेली ही पाकिटं भंगारवाला घेत नाही. कितीही घाम गाळा, कितीही छान सहकारी संस्था काढा, ज्या वस्तूला गिऱ्हाईकच नाही तिच्यावर स्थानिक उद्योग कसा उभा राहणार? तिथे ती पाकिटं बनवणाऱ्या कंपनीलाच जबाबदार धरावं लागतं आणि ते काम कायद्याचं, सरकारचं. हे ‘स्वच्छ’च्या बायकांना कधीच कळलेलं होतं. २०१३मध्ये त्यांनी वापरलेले सॅनिटरी पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना परत पाठवले होते. तुमचा माल आहे, विल्हेवाटीचंही बघा! पॅडसारखा कचरा गुंडाळून द्यायचा आणि त्यासाठीचं वेष्टन उत्पादकांनी पुरवायचं, हे पुढे २०१६च्या घनकचरा नियमांत आलं. नियम आला. आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत तो अजून पोचायचा आहे.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. ‘स्वच्छ’चा पालिकेशी असलेला करार मधे-मधे संपला, नूतनीकरण लांबलं, त्या काळात हजारो घरांचं पोट टांगणीला लागलं. कुठल्याही शहरात एखादा बडा कंत्राटदार मोठ्या गाड्या घेऊन आला आणि त्याला काम मिळालं, की तोही ‘उद्योजक’च म्हणवतो. पण तेव्हा कचरावेचकांच्या हातातला सुका कचरा जातो. म्हणून आपण ‘उद्योजकता हेच उत्तर’ असं सरसकट म्हणतो तेव्हा विचारायला हवं, कोणाची उद्योजकता? त्यात आधीपासून काम करणारा माणूस मालक होतो की बाहेर फेकला जातो?

मला वाटतं, स्थानिक उद्योग मोठा प्रश्न सोडवत नाही. तो त्या प्रश्नाचा एक तुकडा असा पकडतो, की तो पकडणाऱ्याचं घर चालतं आणि म्हणून उद्याही तो सोडून जात नाही. उरलेला भाग नगरसेवकाचा, कायद्याचा, कंपन्यांचा आणि डबा बाहेर ठेवणाऱ्या आपलाही आहे.

पीपीटी उघडण्याआधी

पुढच्या फेस्टला तुम्ही उतरणार असाल, तर आमच्यासारखे तोंडावर पडू नका. लॅपटॉप उघडायच्या आधी एवढं करा.

• तुमच्या प्रश्नावर आधीपासून काम करणारी तीन माणसं शोधा आणि त्यांच्याबरोबर एक अख्खा दिवस घालवा. फॉर्म पाठवू नका, स्वतः जा.

• पैसे कोण देणार, हे एका वाक्यात लिहा. ‘सरकार’ किंवा ‘सीएसआर’ एवढंच उत्तर असेल, तर ते बंद झाल्यावर काय, हेही लिहा.

• नफा कोणाकडे जाणार आणि माल पडून राहिला तर तोटा कोणाच्या अंगावर येणार? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी माणसं असतील तर पुन्हा विचार करा. विशेषतः कर्ज गावातल्या बाईच्या नावावर असेल तर.

• तुमचं यंत्र किंवा ॲप काढून टाकलं तर काम थांबेल का? आणि माणूस काढला तर? आमच्या डब्याची दोन्ही उत्तरं आम्हाला स्टेजवर कळली.

• काहीच सुरू करायचं नसेल तरी हरकत नाही. ओला, सुका वेगळा द्या, काच कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा, महिन्याचं शुल्क वेळेवर द्या. कोणाच्या तरी चालू उद्योगाचं चांगलं गिऱ्हाईक होणं हेही कामच आहे.

जिने संपल्यावर आम्ही पार्किंगमध्ये टेकलो. चहा आला. मावशींचं नाव मला आता माहीत आहे, पण पेपरात छापू नका असं त्यांनी सांगितलंय. मी त्यांना आमच्या स्मार्ट डस्टबिनची गोष्ट सांगितली. सेन्सर, मेसेज, मॅडमचा प्रश्न, सगळं. त्या खूप हसल्या.

“मग आता काय ठेवता त्यात?”

“मित्राची आई कांदे ठेवते.”

“बरंय की,” त्या गाडी ढकलत म्हणाल्या, “पण ताई, तेवढं झाकण काढून ठेवा म्हणावं. कांद्याला वारा लागतो.”